धुरा

पहाटे साडेपाच

काकाजी दूध घालायला येतात, पण फाटक वाजवत नाहीत. खाकरतात. केळझरात आमच्या गल्लीत घड्याळ लावायची गरज नाही, टेकडीवरच्या सिद्धिविनायकाची घंटा आणि काकाजींचं खाकरणं मागेपुढेच होतं. गेल्या दिवाळीपासून मात्र ते जड झालंय. शब्दही तोंडातल्या तोंडात घोळून बाहेर येतात, भाकरीचा घास गालात ठेवून बोलावं तसे.

"सूनबाई, गंज आण."

मी गंज पुढे केला आणि आज धीर करून म्हटलं, "काकाजी, तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा बरं." त्यांनी किटली खाली ठेवली, बोटं धोतराला पुसली. दोनच गेली, तीही ओढूनताणून. डाव्या गालाच्या आत, खर्रा धरायच्या जागेवर, एक खरबरीत लालपांढरा चट्टा आहे, हे मला महिन्याभरापासून माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे.

"पन दुखत नाई नं थे. दुखलं असतं तं कवाच गेलो असतो."

हीच तर गंमत, म्हणजे गंमत कसली. सुरुवातीला ते दुखत नाही.

"डॉक्टर म्हंते तुकडा काढून तपासा लागते. आन् सबन जन म्हंते चाकू लावला का फैलते. त्या खालच्या आळीतल्याचं नाई झालं? कापलं आन् सहा महिन्यांत गेला. तू तं थेच काम करते नं दवाखान्यात, तूच सांग."

मी "संध्याकाळी येते" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर येत नव्हतं असं नाही. एका वाक्यात बसत नव्हतं. "चाकू लावला की फैलते" या वाक्यात मोठी चूक आहे आणि चिमूटभर खरंही आहे. त्या चिमटीमुळेच मला वीस वर्षांत हे गावात कुणाला धड पटवता आलेलं नाही.

पावणेसात

वर्धा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, एक १९६९ साली सुरू झालेलं सेवाग्रामचं आणि दुसरं सावंगी मेघेचं. मी कुठे आहे ते सोडा. काम हिस्टोपॅथॉलॉजीच्या तंत्रज्ञाचं. रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, पातळ कापायचा, रंगवायचा आणि काचेवर डॉक्टरांपुढे ठेवायचा. रोग मी ओळखत नाही, तो माझा अधिकार नाही. पण रोग दिसेल की नाही, हे बरंचसं माझ्या हातात असतं.

नागपूरहून येणारी एसटी मिळाली. सेलू, मग पवनार, धाम नदीचा पूल. पंचवीसेक किलोमीटरचा हा रस्ता मी डोळे मिटून सांगेन. पुढच्या सीटवर विशी-बाविशीचा मुलगा पन्नीत खर्रा घोटत होता. सुपारीची भुकटी, तंबाखू, चुना. तळहातावर पन्नी, वरून अंगठा, लयीत. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा आम्हाला प्रयोगशाळेत वाटलं होतं की आपलं काम कमी होईल. विदर्भात खर्रा होताच, तो आणखी पसरला.

लोक तंबाखूला दोष देतात आणि सुपारी सुटते. तोंड उघडणं बंद होण्यामागे सुपारीच आहे. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा आजार नोंदवला आणि १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हटलं. सुपारीत तांबं भरपूर असतं. त्या तांब्यावर चालणारं एक एन्झाइम गालाच्या आतल्या कोलॅजनच्या दोऱ्यांना गाठी मारत सुटतं, आणि मऊ गाल सुतळीसारखा ताठ होतो. केरळातल्या अशा ६६ रुग्णांकडे १७ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आमच्याकडे तीच सुपारी पूजेला लागते आणि लग्नाच्या 'सुपारी फोडण्या'लाही. तिच्याविरुद्ध बोलणं अवघड जातं.

सव्वाआठ

रात्रभर टिश्यू प्रोसेसर चालू असतो. काल टाकलेल्या कॅसेटी फॉर्मॅलिनमधून चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमध्ये, मग झायलीनमध्ये, मग साठ अंशांच्या वितळलेल्या मेणात फिरून येतात. तुकड्यातलं पाणी जातं आणि त्या जागी मेण बसतं. झाकण उघडलं की येणारा तो गोड, नाक चुरचुरवणारा वास माझ्या साडीला लागून केळझरपर्यंत जातो. सासूबाई त्याला 'तुया हापिसाचा वास' म्हणतात.

मग एंबेडिंग. छोट्या साच्यात मेण ओतायचं, चिमट्याने तुकडा त्यात ठेवायचा, वर कॅसेटचा तळ, आणि थंड पाटावर. लिहायला दोन ओळी लागल्या, शिकायला मला दोन वर्षं लागली. कारण प्रश्न ठेवण्याचा नसून उभं करण्याचा आहे. गालाचा तुकडा काठावर उभा राहिला पाहिजे. वरची कातडी एका बाजूला, स्नायू दुसऱ्या बाजूला, सगळे थर एका कापात यावेत असा. तो आडवा पडला की वरवरची साल तेवढी कापली जाते. खाली काय चाललंय ते मग देवालाच ठाऊक.

बारा वर्षांपूर्वी माझ्या हातून एक तुकडा आडवा पडला होता. लहान होता, तुरीच्या डाळीएवढा, आणि त्या दिवशी साठ ब्लॉक होते. डॉक्टरांनी 'खोली सांगता येत नाही' असा शेरा दिला. मी मेण वितळवून तो पुन्हा उभा केला, पण बराचसा भाग कापण्यात गेला होता. त्या माणसाचा तुकडा पुन्हा काढावा लागला. तो कुरकुरला नाही. मला मात्र अजून त्याचं नाव पाठ आहे.

खोलीचं एवढं महत्त्व का, तर तोंडाच्या कॅन्सरचा टप्पा आता रुंदीइतकाच खोलीने ठरतो. टप्पे ठरवण्याच्या नियमांच्या, २०१८ पासून वापरात आलेल्या आठव्या आवृत्तीत हे आलं. शेजारच्या चांगल्या कातडीच्या तळापासून ओळंबा सोडायचा आणि गाठ सर्वांत खाली कुठे पोचली ते मोजायचं. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ पाच मिलिमीटरपेक्षा खोल नसेल तर पहिला टप्पा. पाचाच्या पुढे गेली की दुसरा. पाच मिलिमीटर म्हणजे तुरीचा एक दाणा. दाण्याएवढ्या फरकावर माणसाची पुढची पाच वर्षं ठरतात.

साडेनऊ

मायक्रोटोम. ब्लॉक बर्फावर थंड केले, पातं बदललं. एक काप चार मायक्रॉनचा. माणसाच्या केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप मावतील. चाक फिरवलं की कापांची रिबन सुटते, ती फुंकर न मारता कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलायची. पंखा बंद, गप्पा बंद. या दोन तासांत मला कुणी हाक मारलेली चालत नाही. घरी हे कुणाला खरं वाटत नाही, कारण घरी मी सारखी बोलत असते.

सव्वाअकरा

हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकी सगळं गुलाबी. पहिली रॅक वाळली आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आतून हाक मारली, "या, तुमची कापणी बघा." शिकवायचा दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप आहे. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला निवासी डॉक्टर बसतात. पण नवा डॉक्टर रजेवर असला की ती खुर्ची माझी.

गालाचा तुकडा. डावीकडे शहाणी कातडी, पेशींचे थर विटा रचल्यासारखे, आणि सगळ्यांच्या खाली एक सलग, मऊ वळणाची रेघ. त्या रेघेवर एक पडदा असतो, मायक्रॉनपेक्षाही पातळ, कोलॅजन आणि लॅमिनिनच्या जाळीचा. वर कातडीच्या पेशी, खाली रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या, मज्जातंतू, स्नायू. पडद्याच्या वर एकही रक्तवाहिनी नाही. म्हणजे वरच्या पेशी कितीही बिघडल्या, एकमेकींच्या अंगावर चढल्या, वेड्यावाकड्या वाढल्या, तरी जोवर पडदा शाबूत आहे तोवर त्यांना गाव सोडायला रस्ताच नाही. या अवस्थेत पकडलं तर कापून टाकलं आणि संपलं.

आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. मी या पडद्याला मनात धुराच म्हणत आले.

केळझरला आम्ही पांडवांची एकचक्रानगरी मानतो. भीमाने बकासुराला इथेच मारलं म्हणतात. त्यामुळे गावात कुणाला कॅन्सर झाला की 'बकासुर शिरला' असं हमखास निघतं. मला ते पटत नाही. बकासुर बाहेरचा होता, गाडाभर अन्न आणि एक माणूस घेऊन परत जायचा. हा तर भावकीतला. ज्याच्याशी आपली शीव लागते, जो सणावाराला आपल्या पंगतीत बसतो, तोच दरवर्षी नांगरताना धुऱ्याची एक वीत कोरतो. पहिल्या वर्षी दिसत नाही, तिसऱ्या वर्षी कळतं तोवर त्याचे तास आपल्या वावरात आलेले असतात.

उजवीकडे मॅडमनी काच सरकवली आणि रेघ संपली. तिथे पेशींची बोटं खाली उतरली होती. रुंद, बोथट बोटं, मधे गुलाबी गोल मणी. या मण्यांना केराटिन पर्ल म्हणतात. "हे त्यातल्या त्यात सभ्य," मॅडम म्हणाल्या. आणखी खाली सरकवलं. तिथे बोटं तुटून बेटं झाली होती, बेटांतून पाच-दहा पेशींच्या टोळ्या, आणि सगळ्यांत पुढे एकेकटी पेशी, कोलॅजनच्या दोऱ्यांमधून रांगेत चाललेली. "हे असभ्य." आमच्या रिपोर्टात या पुढच्या फळीच्या स्वभावासाठी वेगळा रकाना असतो. गाठ केवढी आहे, यापेक्षा तिची आघाडी कशी चालते, हे अनेकदा जास्त सांगून जातं.

त्या पेशी चालतात कशा? कातडीच्या पेशी एकमेकींचे हात धरून उभ्या असतात; तो हात म्हणजे ई-कॅडेरिन नावाचं प्रथिन. बिघडलेली पेशी आधी हात सोडते. मग चौकोनी होती ती लांबुळकी होते, अंगात वेगळे दोरे ताणते आणि पाय काढते. गर्भात अवयव घडताना, जखम भरताना हीच युक्ती शरीर वापरतं. पेशीने नवं काही शोधलेलं नसतं, घरचंच जुनं अवजार भलत्या वेळी उचललेलं असतं. पायाच्या टोकाशी कात्र्या असतात, एमएमपी नावाच्या एन्झाइमच्या, वीसहून जास्त जातींच्या. त्या पडद्याची जाळी कातरतात. एवढं करून ती एकटी चालत नाही. शेजारच्या साध्यासुध्या फायब्रोब्लास्ट पेशींना ती सालगडी म्हणून लावते. ते तिच्यासाठी कोलॅजनचे दोर ओढून रस्ता सरळ करून देतात. पुढची पेशी मागचीला वाट दाखवते.

एका कोपऱ्यात मॅडमनी बाण ठेवला. एक मज्जातंतू, आणि त्याच्याभोवती कर्कपेशींची चुडा भरल्यासारखी कडी. तंतूच्या आवरणातून त्या दूरवर सरकतात, म्हणून सर्जनने गाठ काढली तरी एखादी उरते. काकाजींना अजून दुखत नाही, हे मला तिथे आठवलं आणि बरं वाटलं. मग लगेच वाटलं की यात बरं वाटण्यासारखं काही नाही, न दुखताही ते चालत असू शकतं.

"मग या कात्र्याच बंद केल्या तर?" मी हे मॅडमना कितव्यांदा तरी विचारलं असेल. त्यांना हा प्रश्न आवडतो. कात्री पहिल्यांदा सापडली १९६२ साली, बेडकाच्या पिल्लात. डिंभाची शेपटी गळून जाते, तिथलं कोलॅजन कोण विरघळवतं, हे ग्रॉस आणि लापिएर शोधत होते. पुढे नव्वदीच्या दशकात बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट ही कात्री अडकवणारी औषधं आली, मोठ्या आशेने माणसांवर तपासली आणि पडली. सांधे आखडले, खांदे दुखले, आयुष्य वाढलं नाही. मागाहून कळलं की काही कात्र्या उलट रोखण्याच्या बाजूच्या होत्या, आणि औषध दिलं ते रोग आधीच सगळीकडे पोचलेल्यांना. धुरा फुटून तास पलीकडे गेल्यावर कुदळ जप्त केली, तर काय होणार!

मॅडमचं आणखी एक म्हणणं मला पटतं. औषधाची परीक्षा गाठ किती आटली यावर होते. जे औषध पेशीचं चालणं थांबवेल, पण मारणार नाही, त्याने गाठ आटणारच नाही. ते या परीक्षेत नापास होणार. चालणं मोजायला पट्टी वेगळी लागते आणि वर्षं जास्त लागतात.

पावणेएक

ऑपरेशन थिएटरमधून फोन, फ्रोझन आहे. जिभेच्या गाठीच्या कडेचा तुकडा आला. यात मेणबिण नाही, क्रायोस्टॅटमध्ये उणे वीस अंशांवर गोठवायचा, कापायचा, झटपट रंगवायचा. सर्जन हातमोजे घालून तिकडे उभा, रुग्ण भूल घेऊन आडवा. वीस मिनिटांत मॅडमना सांगावं लागतं की कड मोकळी आहे की नाही. गाठीपासून पाच मिलिमीटरची मोकळी पट्टी असावी, असा सर्वसाधारण नियम. आज मोकळी होती. मॅडम फोनवर "ऑल क्लिअर" म्हणाल्या. मी डबा उघडला. वांग्याची भाजी, भाकरी, मिरचीचा ठेचा. हात तीनदा धुतले तरी बोटांना थंडी उरतेच.

अडीच

ग्रॉसिंग. काल काढलेला अर्धा जबडा आणि मानेचा चरबीचा पट्टा फॉर्मॅलिनमध्ये मुरलाय. निवासी डॉक्टर कापते, मी कॅसेटी भरते, नंबर टाकते. मानेच्या चरबीतून लसिकाग्रंथी शोधायच्या म्हणजे डाळीतले खडे निवडण्यासारखं काम, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. चरबी दाबली की सरकते, ग्रंथी दाबली की तिथेच थांबते. आज चोवीस निघाल्या. तोंडातून सुटलेल्या पेशींचं पहिलं नाकं बहुधा हेच.

मान कधी उघडायची, यावर सर्जन लोक कितीतरी वर्षं भांडले. गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही, तर आत्ताच ग्रंथी काढाव्यात की थांबून, दिसल्या तर काढाव्यात? दोन्ही बाजूंना मोठी नावं होती. याचा निकाल मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये लागला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पाचशे जणांचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी साडेसदुसष्ट. आठांमागे एक जीव. तिथे नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. चाकू लवकर लावला होता, एवढंच.

काकाजींना सांगायचं उत्तर यात आहे, पण सगळं नाही.

पुढची बादली स्तनाची. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळल्या. रक्त सगळीकडेच जातं, तर गाठी यकृतात आणि हाडांत का होतात, प्लीहेत जवळजवळ का नाहीत? त्यांनी म्हटलं की बी वाऱ्याबरोबर सगळीकडे उडतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या मातीतच. यासाठी आम्हाला पॅजेट लागले नसते. माझा नवरा कपाशी लावतो. त्याच थैलीतलं बी खालच्या काळ्या वावरात गळ्यापर्यंत येतं आणि टेकडीच्या बरड तुकड्यात गुडघ्याला टेकत नाही. १९७० साली फिडलर यांनी उंदरांच्या शिरेत खूण केलेल्या कर्कपेशी सोडून मोजल्या. एका दिवसात शंभरातली एकही धड उरली नाही, दोन आठवड्यांनी हजारात एखादी. रक्तात उतरणं म्हणजे पोचणं नव्हे. प्रवाहाचा मार, पांढऱ्या पेशींचा पहारा, परकी जमीन, यांतच बहुतेक मरतात. पण गाठीतून रोज किती सुटतात, हा हिशेब मांडला की हजारात एकसुद्धा पुरते. म्हणून काही औषधं बियाण्याच्या मागे न लागता मातीच्या मागे लागतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड त्यातलंच. हाड खणणाऱ्या पेशींना ते आवरतं, म्हणजे उगवायला भुसभुशीत जागा मिळत नाही.

आणि आता ती चिमूटभर खरी गोष्ट. गाठ कापताना, दाबताना, हलवताना काही पेशी सुटत असतील का? ही भीती फक्त केळझरच्या पारावर नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनीही तिला हसण्यावारी नेलं नाही. देशातल्या अकरा केंद्रांत सोळाशेच्या आसपास बायकांवर त्यांनी साधी गोष्ट तपासली. स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं, गाठीभोवती लिग्नोकेनची इंजेक्शनं. लिग्नोकेन म्हणजे तेच, दाढ काढताना हिरडीत देतात ते, कुठल्याही तालुक्याच्या औषध दुकानात मिळणारं. ते पेशीच्या पडद्यातल्या सोडियमच्या दारांना कडी घालतं. मज्जातंतूत ही दारं वेदना पोचवतात, कर्कपेशीत चालण्याच्या कामी येतात, असा त्यामागचा विचार. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात ९०.१ टक्के जिवंत, बाकीच्यांत ८६.४. रोग परत न आलेल्या ८६.६ आणि ८२.६.

हे वाचलं त्या दिवशी मी दोन स्टॉप पुढे गेले होते. चालणं थांबवणारं औषध, ज्याच्यामागे परदेशात एवढा पैसा गेला, ते दंतवैद्याच्या सुईत निघालं. तो अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा होता, तोंडाचा नव्हे, हे मी स्वतःला बजावते. लिग्नोकेन म्हणजे जादू असं गावात सांगत सुटले तर उद्या कुणी डॉक्टरला सोडून इंजेक्शनच मागेल. शिवाय हे चार टक्के कापल्यानंतरचे आहेत. न कापून घेणाऱ्यांसाठी त्यात कुठला गट नव्हताच. ठेवणार तरी कोण!

साडेचार

रिपोर्ट टाइप झाले. ब्लॉक नंबरवारी खोक्यात. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली, आमच्या धंद्याचे ते आजोबाच. तेव्हाही असाच मेणाचा ब्लॉक होता, आजही आहे. मशीन बदललं, मेण तेच. बाहेर बाकावर लोक रिपोर्टासाठी बसलेले असतात. मी मागच्या दाराने जाते. माझ्या चेहऱ्यावर ते काहीतरी वाचू पाहतात, आणि मला खरंच काही माहीत नसतं.

पावणेसहा

परतीची गाडी भरलेली. पवनारपर्यंत उभी. काकाजींना काय सांगायचं ते जुळवत होते. बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरतो, याला भरवशाचा पुरावा नाही. काही मोजक्या अवयवांत, जसं वृषणात, सर्जन स्वतःच सुई घालायचं टाळतात, ती वेगळी गोष्ट. आणि खालच्या आळीतला तो? त्याने पहिल्यांदा चट्टा दाखवल्यापासून कापेपर्यंत अकरा महिने काढले होते. अंगारा, मग कुठलीशी पुडी, मग मुलीचं लग्न. कापलं तेव्हा मानेतल्या ग्रंथी बाहेरून दिसत होत्या. गावाला कापल्यानंतरचे सहा महिने आठवतात, आधीचे अकरा कुणीच मोजले नाहीत.

सात

काकाजी ओट्यावर बसले होते, समोर म्हैस. काकूंनी चहा दिला. मी आकडेबिकडे काही काढले नाहीत.

"काकाजी, तुमचा आन् भाऊजींचा धुऱ्याचा वाद किती वर्सं चालला?"

"नऊ वर्सं. त्याचं काय मंधातच?"

"मोजणी कवा मागितली तुम्ही?"

ते थोडा वेळ गप्प बसले. "उशिरा. थो आंब्याच्या झाडापावतर आला तवा."

"मोजणीवाल्यानं खुंट्या ठोकल्या, त्यानं धुरा सरकला का?"

"त्यानं कायले सरकन? सरकला व्हता थो दिसला."

काकू चुलीजवळून म्हणाल्या, "मी हेच सांगून राहिली यायले, तं आयकत नाई." त्या नेमकं काय सांगत होत्या ते मला कळलं नाही, पण मी हो म्हटलं.

मोबाइलचा टॉर्च लावून गाल पुन्हा पाहिला. सकाळी दिसला त्याहून वेगळा नव्हता. मी मानेला हात लावला, काही लागलं नाही. पण माझी बोटं चरबीतल्या ग्रंथी शोधायला शिकलेली आहेत, जिवंत मानेतल्या नाही, म्हणून काही बोलले नाही.

"किती काढते थे?"

मी काकूंच्या सुपातून तुरीच्या डाळीचं एक दल उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "एवढं. गाल बधिर करून. घरी येऊन संध्याकाळचं दूध काढसाल."

ते दल त्यांनी बोटाने उलटंपालटं केलं. सोमवारी नको म्हणाले, सोमवारी कृत्रिम रेतनवाला येणार आहे म्हशीसाठी. मंगळवारी चालेल. पहिल्या गाडीने.

"थो तुकडा तुयाकडंच येईन का?"

"माझ्याकडंच. मी स्वतः उभा करीन."

"उभा?"

"आडवा नाही पडू देणार," मी म्हटलं. त्यांना ते समजलं नाही. त्यांनी डाळीचं दल सुपात परत टाकलं आणि दुसऱ्या हाताने नेहमीच्या सवयीने खिशातली पन्नी चाचपली. काढली मात्र नाही, मी समोर होते म्हणून. मी उठले, सकाळचा गंज घासायचा राहिला होता.